हक्कसोडाची तिसरी खेप

आईची संमती यंत्राने पहिल्याच खेपेला घेतली.

दुय्यम निबंधक कार्यालयात तिला खुर्चीवर बसवलं, कपाळाभोवती राखाडी रंगाची रुंद पट्टी बांधली आणि उजव्या हाताखाली हिरवं बटण ठेवलं. पट्टीसाठी डोक्यावरचा पदर मागे सारावा लागला तेव्हा ती जरा संकोचली, तेवढंच. समोरच्या पडद्यावर हक्कसोडपत्रातलं एकेक कलम येत होतं आणि एक आवाज ते वाचून दाखवत होता. कलम मान्य असेल तर बटण दाबायचं. दाबलं की क्षणभराने घंटीचा नाजूक आवाज यायचा आणि पुढचं कलम यायचं. आठ कलमं होती. आईने आठही वेळा बटण दाबलं, बाजारातून आल्यावर पिशवी खाली ठेवावी तितक्या सहज. पडद्यावर आकडा आला, सत्त्याण्णव.

सब-रजिस्ट्रार मुल्लाणी मॅडम म्हणाल्या, या महिन्यातला हा सगळ्यात वरचा आकडा. आईला काही कळलं नाही. "पास झाले का रे?" तिने माझ्या धाकट्या भावाला, अभिनंदनला विचारलं.

"डिस्टिंक्शनमध्ये, आई."

मग मी बसले. मला एकतीस मिळाले. पास व्हायला पासष्ट लागतात.

अभिनंदनच आधी सावरला. "ताई, आयुष्यात पहिल्यांदा नापास झालीस की गं," तो म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले. मुल्लाणी मॅडम अण्णांना, आमच्या वडिलांना, वीस वर्षं ओळखत होत्या. घरातलं माणूस नुकतं गेलेलं असलं की असं होतं, असं त्यांनी सांगितलं. चाळीस दिवसांनी पुन्हा या म्हणाल्या. माझा दस्त बाजूला ठेवला. आईचा मात्र तिथल्या तिथे नोंदवला. तो आता मागे घेता येणार नव्हता.

अण्णांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. भोसेपेठेत, नदीपासून चौथ्या गल्लीत आमचं घर. निबंधक कार्यालयासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून अण्णांनी बेचाळीस वर्षं लोकांचे दस्त लिहिले. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, आणि सगळ्यात जास्त हक्कसोडपत्रं. त्याच कमाईतून त्यांनी हे घर बांधलं. मागच्या सहा वर्षांत त्यात चार वेळा पुराचं पाणी शिरलं. शेवटच्या वेळी अभिनंदनने अण्णांना पाठीवर घेऊन गच्चीवर नेलं आणि ते तिथे दोन दिवस ताडपत्रीखाली बसून राहिले. त्यानंतर नदीकाठच्या सात गल्ल्या पूररेषेत गेल्या. प्रत्येक घराच्या बदल्यात गावाबाहेरच्या माळावर एक घर मिळणार होतं. अट एकच होती, जुन्या घराच्या मिळकत पत्रिकेवर मालक म्हणून एकच नाव हवं, आणि तेही मार्चअखेरपर्यंत. आधीच्या एका पुनर्वसनात एकेका घराला चौदा-चौदा वारस निघून वाटप वीस वर्षं लटकलं होतं, म्हणून ही अट घातली होती.

अण्णांनंतर आम्ही तिघं वारस, आई, मी आणि अभिनंदन. आईने आणि मी आपापला हिस्सा अभिनंदनच्या नावे सोडायचा, एवढंच काम होतं. रक्षाविसर्जनाच्या दिवशी चुलते-मामा जमले होते तेव्हाच मी म्हणाले होते, मला काही नको, घर अभीच्या नावे होऊ दे. एका मामींनी पाठीवरून हात फिरवला. आमच्याकडे बहिणी असंच म्हणतात, आणि बहुतेक जणी ते मनापासून म्हणतात. मीही मनापासून म्हणाले होते. अभिनंदनचं पंपदुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. अण्णांना शेवटची दोन वर्षं अंघोळ त्यानेच घातली. मी पुण्याहून महिन्यातून एकदा यायचे, फळं घेऊन.

पट्टीचं शास्त्र तसं सोपं आहे. माणूस स्वतःच्या मनाने एखादी गोष्ट करतो तेव्हा कृती आणि तिचा परिणाम यांतला वेळ त्याच्या मेंदूला असतो त्यापेक्षा कमी भासतो. तीच गोष्ट दुसऱ्या कुणी करायला लावली की वेळ लांबल्यासारखा वाटतो. बटण आणि घंटी यांच्यात नेहमी अर्धाच सेकंद असतो. ज्याने मनापासून बटण दाबलं त्याचा मेंदू घंटीसाठी आधीच तयार असतो. ज्याच्याकडून दाबून घेतलं त्याचा मेंदू ती ऐकून किंचित दचकतो. हा दचका माणसाला स्वतःला कळत नाही. पट्टीतले बारीक दिवे कपाळामागे धावणारं रक्त पाहतात, तारा विजेचे तरंग टिपतात, आणि आठ कलमांतल्या आठ दचक्यांवरून शंभरपैकी एक आकडा निघतो. त्याला स्वेच्छा अंक म्हणतात. यंत्राशी खोटं बोलता येत नाही, कारण ते काही विचारतच नाही.

कायदा झाला तो बायकांसाठी. भाऊ बहिणींना गाडीत घालून आणतात, सही घेतात आणि एसटीत बसवून देतात, अशी शेकडो प्रकरणं कोर्टात आली होती. मी पुण्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. कायद्याच्या बाजूने मी वर्तमानपत्रात लेख लिहिला होता. त्यात मी एका तरतुदीचं खास कौतुक केलं होतं. संमती तपासायच्या तीनच खेपा, आणि दोन खेपांत किमान चाळीस दिवसांचं अंतर. तिसऱ्यांदा नापास झाली की मिळकतीवर 'संमती प्रलंबित' असा शेरा पडतो आणि पुढची दहा वर्षं त्या बाईला कुणी त्याच सहीसाठी आणू शकत नाही. तिचा छळ थांबावा म्हणून.

लेख अण्णांना पाठवला होता. दिवाळीला गेले तेव्हा ते म्हणाले, चांगला लिहिलायस. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि म्हणाले, "दस्त लिहिताना मी बायकांच्या तोंडाकडे बघत नव्हतो. बघितलं असतं तर एकही दस्त लिहून झाला नसता."

माझ्यापुढे पडद्यावर आला तो दस्तही त्यांनीच लिहिलेला होता. जाण्याआधी काही महिने त्यांनी आम्हा दोघींची हक्कसोडपत्रं तयार करून ठेवली होती, तारखेची जागा तेवढी मोकळी. चौथं कलम असं होतं, 'सदर मिळकतीत मला आज रोजी अगर भविष्यात कोणताही हक्क, हितसंबंध नको आहे. हे मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देत आहे.' त्यातली 'मी' म्हणजे मी. वाक्य अण्णांचं. त्यांनी मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं.

त्या दिवशी ऑफिसातून घरी आल्यावर आई मेथी निवडायला बसली. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवण होतं, त्यामुळे तिला घाई होती. मी तिला विचारलं, बटण दाबताना काय वाटलं?

"काय वाटायचं?"

"घराबद्दल गं. चाळीस वर्षं राहिलीस इथे."

"राहिले की." तिने मेथीची एक जून काडी मोडून बाजूला टाकली. "ते माझं आहे असं मला कधी कुणी सांगितलंच न्हाई. आज त्या पडद्यावर पहिल्यांदा बघितलं, एक तृतीयांश हिस्सा म्हणून. बघितलं आणि देऊन टाकलं."

मला एकतीसच का मिळाले याचा मी पुण्याला परतल्यावर विचार केला. एका घटनेची तीन कारणं दिसली की आपल्याला आवडणारं कारण आधी बाजूला ठेवायचं आणि पुरावा शोधायचा, असं मी वर्गात सांगते. पहिलं कारण दुःख. मिळकत पत्रिकेवर अण्णांचं नाव होतं, आणि माझ्या सहीने ते पुसलं जाणार होतं. दुसरं, राग. माझ्या नावाने 'मी' लिहून त्यांनी माझं उत्तर स्वतःच देऊन टाकलं होतं. तिसरं कारण मी शेवटी लिहिते आहे, यावरून वाचणाऱ्याने काय ते समजावं. मला घर हवं असेल. सांगायला लाज वाटावी इतकं आत कुठेतरी, पण हवं असेल.

पट्टीला या तिन्हीतला फरक कळत नाही. तिला दचका कळतो.

नापास झालेल्यांसाठी पुण्यात वर्ग निघाले होते. मी एकात नाव घातलं. आम्ही चौदा बायका होतो आणि दोन पुरुष. शिकवणाऱ्या बाई डोळे मिटायला सांगायच्या, मनातल्या मनात घरात फिरायला लावायच्या, एकेक वस्तू उचलून बाहेर नेऊन ठेवायला सांगायच्या. शेवटी रिकाम्या घराला कुलूप लावून किल्ली भावाच्या हातात द्यायची. बार्शीहून येणाऱ्या काळोखेबाई माझ्या शेजारी बसत. त्यांनी चार वर्षांपूर्वी भावाला किडनी दिली होती. दवाखान्यातही हीच पट्टी लावतात. तेव्हा त्यांना एक्क्याण्णव मिळाले होते.

"किडनी काढून दिली, तीन खोल्या देता येईनात," त्या म्हणाल्या आणि स्वतःच इतक्या हसल्या की सगळा वर्ग हसला. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "भाऊ म्हणतो, तू मुद्दाम करतेस. मुद्दाम करता आलं असतं तर किती बरं झालं असतं."

जानेवारीत मी दुसऱ्यांदा पट्टी लावली. चव्वेचाळीस मिळाले. अभिनंदन काचेच्या पलीकडे उभा होता. आकडा त्याला माझ्याआधी दिसला असावा, कारण मी वळून पाहिलं तेव्हा तो तिथे नव्हता. खाली स्कूटर चालू करून बसला होता.

त्या संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा भावजय, पद्मजा, वाढत होती. एरवी ती मला आग्रह करकरून वाढते. त्या दिवशी तिने भाकरी ताटात ठेवली आणि आपल्या दोन मुलींकडे बघत म्हणाली, औंदा पाणी आलं की आत्याला फोन लावायचा गं, आत्या येईल होडी घेऊन. मुली हसल्या. अभिनंदन तिला गप म्हणाला. मग त्याने स्वतःचं ताट बाजूला सरकवलं.

"ताई, तुला पाहिजे असेल तर पाहिजे म्हण. मी भांडणार नाही. अण्णांची शपथ."

"नकोय रे मला. किती वेळा सांगू?"

"तोंडाने नको म्हणतेस. आत पाहिजेच आहे."

"अभी, त्या यंत्राला एवढं कळत नाही. ते फक्त..."

"ते यंत्र पाहिजे म्हणून पेपरात कुणी लिहिलं होतं?"

आई आमटीचं भांडं घेऊन उभी होती. वाढू की नको हे तिला कळत नव्हतं. आईच्या नावे हक्क सोडता येईल का, हेही त्यानंतर वकिलांना विचारून झालं. पण आईने आपला हिस्सा पहिल्याच दिवशी सोडलेला होता. आता घेणारा एकटा अभिनंदन उरला होता. शिवाय वकील म्हणाले, कुणाला देताय हे यंत्र पाहतच नाही, तुमच्या हातून सुटतंय की नाही एवढंच पाहतं. तिसऱ्यांदाही सुटलं नाही तर दहा वर्षं घर ना इकडचं ना तिकडचं. माळावरचं घर यादीतल्या पुढच्या कुटुंबाला जाणार, आणि पूररेषेतल्या घरांना पुढच्या वर्षापासून नळ नाही, वीज नाही.

काळोखेबाईंचा एक दिवस फोन आला. त्या पास झाल्या होत्या. कशा, असं विचारल्यावर त्यांनी डॉक्टरांचं नाव दिलं. त्यांचं अभिनंदन करावंसं वाटलं, पण त्यांच्या आवाजात काही साजरं करण्यासारखं नव्हतं, म्हणून मी नुसतं बरं म्हणाले.

त्या डॉक्टर मानसोपचारतज्ज्ञ होत्या. अपघातातून, दंगलीतून वाचलेल्या माणसांसाठी निघालेलं एक औषध त्या देत. त्यांनी मला समजावून सांगितलं ते मला लगेच कळलं, कारण मी दस्तलेखकाची मुलगी. आठवण म्हणजे कपाटात जपून ठेवलेला मूळ दस्त नव्हे. आपण आठवतो तेव्हा मेंदू मागच्या वेळची नक्कल बाहेर काढतो, उलगडतो, आणि परत ठेवताना नवी नक्कल करून ठेवतो. ती नक्कल होत असताना तिच्यावर भावनेचा शिक्का पुन्हा उठतो. गोळी घेतली की तो शिक्का उठत नाही. मजकूर तोच राहतो, एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही. शिक्का मात्र प्रत्येक बैठकीत पुसट होत जातो. पट्टी लावायच्या दिवशी औषध घ्यायला बंदी आहे, पण पंधरा दिवस आधी घेतलेली गोळी रक्तात सापडत नाही. तिने केलेलं काम टिकतं.

मी विचारलं, फक्त घराच्या आठवणी घेता येतील का? वडिलांच्या नकोत.

"वेगळ्या करून सांगता येतील का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मी तिथेच प्रयत्न केला. सोप्यात अण्णांचं बैठं मेज. मोरीत त्यांचा गरम पाण्याचा तांब्या. गच्चीवर ताडपत्री. एकही खोली मला त्यांच्याशिवाय सांगता येईना.

मग त्या म्हणाल्या, "विचार करून या. जे जाईल ते परत आणायचं औषध माझ्याकडे नाही."

विचार फार करावा लागला नाही. एका बाजूला पाच जिवंत माणसं होती आणि येणारा पावसाळा होता. दुसऱ्या बाजूला एका गेलेल्या माणसाबद्दलचं माझं दुःख. असं मांडलं की उत्तर एकच निघतं. नवरा म्हणाला, तुला योग्य वाटेल ते कर. तो सज्जन आहे; तो नेहमी असंच म्हणतो.

सहा बैठका झाल्या. गोळी घ्यायची, तासभर थांबायचं, मग आठवण पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने सांगायची. मी रविवारची आठवण निवडली, कारण बाकीच्या सगळ्या तिच्याभोवती होत्या. मी पाच-साडेपाच वर्षांची. रविवारी सकाळी अण्णा आठवड्याचे दस्त घरी आणत. मूळ कागद माझ्या हातात, टाइप केलेला त्यांच्या हातात. ते विचारणार, मी वाचणार. पूर्वेस? सार्वजनिक रस्ता. पश्चिमेस? बाबू तातोबा यांची मिळकत. दक्षिणेस? सामाईक बोळ. उत्तरेस? ओढा. चारही बाजू जुळल्या की ते लाल पेन्सिलीने माझ्या तळहातावर बरोबरची खूण करत. त्याने गुदगुली व्हायची. मी शाळेत जायच्या आधी घरांच्या चतुःसीमांवरून वाचायला शिकले. जगातल्या प्रत्येक वस्तूला चार बाजू असतात आणि प्रत्येक बाजूला कुणीतरी शेजारी असतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

पहिल्या बैठकीत मी उत्तरेपर्यंत पोचलेच नाही. रडत राहिले. दुसऱ्या बैठकीत पोचले. तिसऱ्या बैठकीच्या वेळी मला मनातून वाटलं की थांबावं, आणि मी डॉक्टरांना तसं सांगितलंही. त्यांनी थांबायला हरकत नाही म्हटलं. त्याच दिवशी अभिनंदनचा निरोप आला होता, यादी लागली आहे, आपला नंबर एकशे बारा. मी गोळी घेतली. चौथ्या बैठकीत मी वर्गात एखादा तह शिकवावा तसं सगळं सांगितलं. सहाव्या बैठकीत डॉक्टरांनी विचारलं, काय वाटतंय? मी घड्याळ पाहिलं. माझ्या बसची वेळ झाली होती.

वीस मार्चला तिसऱ्यांदा पट्टी लावली. चौथं कलम आलं, मी बटण दाबलं, घंटी वाजली. ब्याण्णव. मुल्लाणी मॅडमनी खुर्चीतून उठून माझा हात हातात घेतला. आज मगदूम अण्णा असते तर, असं काहीतरी त्या म्हणाल्या. फोटो झाला, अंगठा झाला, दस्त नोंदवून हातात आला.

व्हरांड्यात अभिनंदन उसाच्या रसाचे दोन ग्लास घेऊन उभा होता. त्याचे डोळे भरलेले होते. त्याने एक ग्लास मला दिला. आम्ही दोघं कठड्याला टेकून अण्णांच्या शेडकडे तोंड करून उभे राहिलो. तिथे आता झेरॉक्सचं दुकान झालं होतं.

"ताई, एक विचारू?" तो म्हणाला. "राग मानू नकोस. झालं ते झालं. पण पहिल्यांदा एकतीस आले होते, ते कशामुळे?"

त्याला एक शब्द हवा होता. अण्णांमुळे, असं मी म्हणायला हवं होतं. तेवढ्याने त्याचं समाधान झालं असतं, हे मला दिसत होतं. मी स्वतःत शोधून पाहिलं. रविवारची सकाळ जागेवर होती. लाल पेन्सिल, तळहात, ओढा, सगळं शाबूत होतं, दुसऱ्या कुणाच्या घरच्या अल्बमसारखं. ते दुःख होतं, राग होता की हाव होती, हे ठरवायचा पुरावा एकच होता आणि तो मी सहा बैठकांत नाहीसा केला होता. आता काहीही म्हटलं असतं तरी तो अंदाज झाला असता.

"मला माहीत नाही, अभी."

त्याने मान हलवली. आपल्याला वाटत होतं तेच निघालं, अशी. "बरं," तो म्हणाला आणि रिकामे ग्लास परत द्यायला गेला. तेव्हापासून तो माझ्याशी फार चांगला वागतो. पुण्याला पोचले का म्हणून फोन करतो, नव्या घराच्या वास्तुशांतीची तारीख आधी मला विचारून ठरवली. सासरकडच्या माणसांशी बोलावं तशा अदबीने बोलतो. नापास झाल्याबद्दल मला चिडवत नाही.

मे महिन्यात जुनं घर रिकामं केलं. पुढच्या सोमवारपासून गल्ली पाडायला सुरुवात होणार होती. सकाळी अकराच्या सुमारास शेवटचा टेम्पो भरला. पद्मजा आणि मुली आधीच्या खेपेला पुढे गेल्या होत्या. अभिनंदन मागच्या दाराची बिजागरी काढून घेत होता. सागाचं दार आहे, उपयोगी पडेल म्हणाला. मी आईला बोलवायला आत गेले.

ती सोप्यात, अण्णांचं मेज असायचं तिथे, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली होती. मेज आधीच गेलं होतं. फरशीवर त्याच्या पायांचे चार फिकट डाग होते, आणि आई त्यातल्या एकावर हात फिरवत रडत होती. आवाज न करता, पण सगळं अंग हलत होतं. अण्णा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा होता, तिला वेळ नव्हता.

मी दारात उभी राहून पाहत होते. काय चाललंय ते मला कळत होतं. कुणी परीक्षेत विचारलं असतं तर कारणांसकट नीट लिहिता आलं असतं. तिच्याजवळ बसावं, हेही मला कळत होतं. मी बसले. तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात योग्य जागी होता.

तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मी लहान असताना ताप आहे का हे ती असंच बघून ओळखायची.

"तुझं बरं गं," ती म्हणाली. "तुला काही वाटत न्हाई."

तिने ते रागाने म्हटलं नाही. माझ्यासाठी तिला खरंच बरं वाटत होतं. मग ती पुन्हा फरशीकडे वळली आणि म्हणाली, दोन मिनिटं बसू दे.

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. त्याला दुपारी दुसरीकडे जायचं होतं.

"आई, ऊठ," मी म्हणाले.

आई उठली. तिने पदर सारखा केला, डोळे पुसले, भिंतीला हात टेकून क्षणभर उभी राहिली आणि टेम्पोकडे चालू लागली. ऊठ म्हटलं की ती आयुष्यभर उठतच आली होती.